मधल्या बोटाची शाई

मतदानाच्या दिवशी आपले फोन शाई लावलेल्या बोटांनी भरून जातात. डाव्या हाताची तर्जनी आणि मागे हसरा चेहरा. मी एकदा निवडणुकीचे नियम चाळत होते, तेव्हा मला त्यात आणखी एक बोट सापडलं. डाव्या हाताचं मधलं बोट. सैन्यातल्या माणसाच्या वतीने जो मत देतो, त्याच्या या बोटाला शाई लावायची, असा नियम आहे. म्हणजे साताऱ्यातल्या एखाद्या आईने आधी स्वतःचं मत दिलं आणि मग सीमेवरच्या मुलाचं, तर घरी परतताना तिची दोन बोटं रंगलेली असणार.

ही सोय २००३ सालच्या कायदादुरुस्तीने आली. पण त्या आईपर्यंत पोचायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. घरटी एक माणूस फौजेत, ही तिथली जुनी रीत. त्याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कूत इथे इंग्रजी फौज शरण गेली, त्या वेढ्यात मराठे होते.

युद्ध संपलं आणि डिसेंबर १९१८ मध्ये ब्रिटनमध्ये निवडणूक झाली. त्यासाठी नवा कायदा केला होता. युद्धात सेवा केलेल्या १९ वर्षांच्या पोरालाही मत मिळालं, आणि जे लांबच्या आघाड्यांवर होते त्यांना घरच्या कुणाला तरी आपल्या वतीने मत द्यायला सांगता आलं. प्रतिनिधीमार्फत मत ही कल्पना ती हीच. त्याच आघाडीवर, त्याच उन्हात उभ्या असलेल्या मराठा शिपायासाठी मताचा विषयच नव्हता.

त्याला मत मिळालं ते परत आल्यावर. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक कायदेमंडळासाठी जे मतदार ठरले, त्यांत सारा भरणारे जमीनदार आणि प्राप्तिकर भरणारे होते, आणि फौजेतून निवृत्त झालेले किंवा पेन्शन घेणारे शिपाईही होते. ज्याच्याकडे जमिनीचा मोठा तुकडा नाही, त्यालाही जुन्या नोकरीच्या जोरावर यादीत जागा मिळाली.

१९३५ चा कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला. मी त्याचं परिशिष्ट वाचत होते. मतदार स्त्रियांच्या पात्रतांमध्ये एक ओळ आहे: सैनिकाची पेन्शन मिळणारी विधवा, किंवा पेन्शन मिळणारी आई. १९३७ च्या निवडणुका या कायद्याखाली झाल्या. तेव्हा बहुसंख्य बायकांना मत नव्हतं. पण ज्या आईचा मुलगा फौजेत गेला आणि परत आला नाही, तिला होतं. मुलगा गेला, पेन्शन आली आणि पेन्शनीबरोबर मत आलं. या ओळीवर मी बराच वेळ थांबले होते.

पुढच्याच दशकात याच मुलखाने इंग्रज सरकारला बाजूला सारून स्वतःचं प्रतिसरकार चालवलं. सातारा आणि आजची सांगली तेव्हा एकाच जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. पोरं फौजेत धाडणारा आणि सरकारला न जुमानणारा, असा हा एकच भाग.

स्वातंत्र्यानंतर सगळ्या प्रौढांना मत मिळालं आणि नवाच प्रश्न उभा राहिला. मतदार तोच, जो त्या मतदारसंघात 'सर्वसाधारणपणे राहतो'. मग लडाखमधला साताऱ्याचा जवान राहतो कुठे? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमाने याचं उत्तर दिलं. ही नोकरी नसती तर तो ज्या तारखेला जिथे राहत असता, तिथलाच तो रहिवासी मानायचा. मला हे कलम फार आवडतं. सरकारी भाषेत इतकी माया क्वचित सापडते. माणूस उंच डोंगरात पहाऱ्यावर उभा असतो आणि कायदा म्हणतो, नाही, तो घरीच आहे.

पण घरी असल्याचं मानणं सोपं, मतपत्रिका त्याच्या हातात देणं अवघड. अनेक वर्षं ती टपालाने जायची आणि टपालानेच परत यायची. जिल्ह्यातून फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, तिथून युनिटकडे, आणि मग तोच रस्ता उलटा. मोजणी सुरू व्हायच्या आत पोचली नाही, तर मत वाया. २०१४ च्या लोकसभेला देशातल्या सेवा मतदारांपैकी जेमतेम चार टक्क्यांची मतं परत आली. उरलेल्यांना कंटाळा होता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पत्रिका वेळेत पोचली तर पाहिजे!

ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम बदलला. आता मतपत्रिका जवानाकडे इंटरनेटवरून जाते. ती छापायची, खूण करायची, आतल्या पाकिटात घालायची, सहीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, बाहेरचं पाकीट बंद करायचं आणि टपालात टाकायचं. मोजणीच्या टेबलावर पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन होतो. २०१९ च्या लोकसभेला १८ लाखांवर सेवा मतदार नोंदले होते आणि त्यांतल्या सुमारे साठ टक्क्यांची मतं पोचली. जाण्याचा अर्धा रस्ता विजेने कापला, त्याचा हा फरक. येण्याचा अर्धा मात्र अजून टपालाचाच. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला अर्ज मागे घ्यायची मुदत ४ तारखेला संपली आणि मोजणी २३ ला सकाळी आठला सुरू झाली. उमेदवारांची यादी पक्की झाल्याशिवाय पत्रिका निघत नाही. म्हणजे डोंगरावरून पाकीट साताऱ्याला यायला तीन आठवडेसुद्धा नाहीत.

प्रतिनिधीची वाट यासाठीच ठेवली आहे. जवान एका अर्जावर आपल्या मतदारसंघातल्या माणसाचं नाव देतो आणि तो माणूस केंद्रावर जाऊन त्याचं मत देतो. यात गुप्ततेचा थोडा बळी जातो. मुलाचं मत कुणाला, हे आईला कळणारच. शिवाय तिने बटण दुसरंच दाबलं, तर ते कुणाला कळणार? नियम इथे संपतो आणि विश्वास सुरू होतो.

या कायद्यातही एक जुनी गाठ होती. जवानासोबत राहणाऱ्या बायकोला सेवा मतदार म्हणून नोंदता यायचं, पण महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला नाही. कारण कलमात शब्दच 'पत्नी' होता. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे नवरा-बायको दोघांनाही लागू होणारा शब्द आला. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात उघडली. बाई अधिकारी होईल आणि तिचा नवरा तिच्यासोबत बदलीच्या गावी जाईल, हे कायद्याच्या ध्यानात यायला त्यानंतर साठ वर्षं लागली.

परदेशातल्या नागरिकांची कथा वेगळी. २०११ पासून, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्यांना पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. पण मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर, पासपोर्ट घेऊन हजर राहावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ जणांची अशी नोंद होती. मत दिलं २,९५८ जणांनी आणि त्यांतले बहुतेक केरळचे. त्यांना प्रतिनिधी देणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत पोचण्याआधी लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं.

आणि मग राहतात आमचे गलाई बांधव. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळायला बाहेर पडली. देशातल्या कितीतरी सराफ बाजारांत त्यांची भट्टी आहे. त्यांना ना टपाली मत, ना प्रतिनिधी. ते म्हणे कामाच्या गावी नाव नोंदवू शकतात. शकतात खरं, पण मग विट्याच्या पाण्याबद्दल बोलायचा हक्क सोडावा लागतो. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये अशा स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ चालतील, असं सांगितलं. पुढच्या महिन्यात पक्षांना बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या आणि विषय तिथेच राहिला.

जवानासाठी कायदा म्हणाला, तो घरीच आहे. तेही त्याला मत मिळाल्याला काही काळ लोटल्यावर नव्हे, तर प्रजासत्ताकाच्या पहिल्याच निवडणुकीआधी. भट्टीपुढे बसलेल्या माणसालाही नोकरी नाही तर पाऊस बाहेर घेऊन गेला. तो मत द्यायला रात्रीच्या गाडीने येतो, सकाळी रांगेत उभा राहतो आणि संध्याकाळी परत निघतो. ज्याला सुट्टी मिळत नाही, त्याच्या आईची तर्जनी तेवढी रंगते. मधलं बोट कोरंच राहतं.