लाँच कुठून सुटली?

महाशिवरात्रीला घारापुरी गाठायची तर न्हाव्याच्या धक्क्यावर सकाळी लवकर जाऊन उभं राहावं. लाँची एकीला एक खेटून लागलेल्या असतात, अंगावर जुने टायर टांगलेले. धक्क्याशी जागा नसली की पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाय टाकायचा. बेलाची पिशवी एका हातात आणि नातवंडाचं मनगट दुसऱ्यात धरून बाया हे सहज करतात. पँटवाले मात्र अडखळतात. दोरी ओढली जाते, खाली इंजिनाजवळ घंटा वाजते आणि सगळा ताफा बेटाकडे निघतो. डावीकडे शेव्याच्या बंदरातल्या उंच क्रेन. हे बंदर १९८९ चं, म्हणजे लाँचच्या मानाने कालचं.

लाँच हा शब्द इंग्रजाचा, असं आपण धरून चालतो. तो आला इंग्रजांकडूनच, पण त्यांचा नव्हे. त्यांनी तो ‘लांचा’वरून घेतला, पोर्तुगीज आणि स्पॅनिश खलाशी मोठ्या होडीला तसं म्हणत. पोर्तुगिजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये, मलाक्का १५११ मध्ये. तिकडच्या मलय बेटांतल्या वल्हवायच्या चपळ होड्यांना ते ‘लांचारा’ म्हणू लागले. मलय भाषेत ‘लांचार’ म्हणजे वेगवान, न अडखळणारा. आजही तिथे अस्खलित बोलणाऱ्याला हाच शब्द लावतात. ‘लांचा’चं मूळही बहुतेक कोशकार तिथेच शोधतात. जहाज पाण्यात सोडणं या अर्थाचं क्रियापद इंग्रजीत आधीपासून होतं, त्याचं कूळ फ्रेंच. होडीने त्याचं स्पेलिंग उचललं आणि दोघी सख्ख्या बहिणी वाटू लागल्या. आडनाव सारखं म्हणून भाऊबंद ठरवण्यातला प्रकार.

मराठीने प्रत्येक वेळी असा आयता शब्द घेतला नाही. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० रोजी वाफेवर सुएझकडे निघाली. असल्या जहाजाला आपल्या लोकांनी ‘आगबोट’ म्हटलं. अर्धा शब्द उसना, पण काय नेमका! १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबची ‘यॉट’ मात्र क्लबातच राहिली. ती मूळची डच, शिकारीवरून नाव पडलेली. लाँच धक्क्यावर उतरली, स्त्रीलिंगी झाली, ‘बोट-बोटी’च्या चालीवर ‘लाँची’ झाली. ‘मेली आज पण उशिरा’ अशा शिव्याही खाऊ लागली.

त्या शिव्या मोरा बंदरात जास्त ऐकू येतात. तिथे गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही. भाऊच्या धक्क्याहून येणारी माणसं मग भरतीचं वेळापत्रक बघून निघतात. वेगावरून नाव पडलेली ही बाई पाणी चढेपर्यंत एका जागी डुलत असते.