घरून चिठ्ठी आण

वसई तालुक्यातल्या एका अनुदानित कॅथलिक शाळेत मी शिकलो. आठवड्यातून एका तासाला आमचा वर्ग दोन खोल्यांत वाटला जायचा. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला शेजारच्या खोलीत जायची, उरलेले आम्ही मूल्यशिक्षणाला बसायचो. माझा बाकावरचा मित्र तिकडे जायचा. आठवीत मी सिस्टरना विचारलं, ‘मी पण जाऊ?’ त्या म्हणाल्या, ‘घरून चिठ्ठी आण.’ बाबांनी चिठ्ठी दिली नाही. मला वाटलं, सिस्टरनाच मी तिथे नको आहे.

ती चिठ्ठी मला पुन्हा भेटली ती थेट नोकरीला लागल्यावर, कंपनीच्या बसमध्ये फोनवर राज्यघटना वाचताना. कलम २८, खंड ३ : सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येणार नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. म्हणजे सिस्टर मला अडवत नव्हत्या, नियम पाळत होत्या.

हा नियम किती मोठा आहे, ते मागे वळून पाहिल्यावर कळतं. १५५९ साली पोर्तुगीज राजवटीने हुकूम काढला, की गोव्यातल्या अनाथ हिंदू मुलांना जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करून त्यांचा बाप्तिस्मा करावा. ज्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, नेमकी तीच मुलं. आमची वसईसुद्धा १७३९ पर्यंत त्याच राजवटीत होती.

पण त्याच काळाची दुसरी बाजूही आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकला. त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, रायतूरला त्याची कोंकणी धर्मशिक्षणाची पोथी छापली गेली. एकाच सत्तेच्या सावलीत सक्तीही होती आणि समजावून सांगण्याची धडपडही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत चर्चनेही सक्तीला स्पष्ट नकार दिला. ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात म्हटलंय, की मुलाला कोणतं धार्मिक शिक्षण द्यायचं हे पालकांनी ठरवावं. त्यांच्या श्रद्धेशी न जुळणारे धडे मुलांवर लादले, तर तो त्यांच्या हक्कांचा भंग आहे. आपली घटना हेच १९५० पासून सांगत होती.

हे सगळं मी त्या मित्राला सांगितलं. तो आता दर रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतो. तो हसला. म्हणाला, ‘तुला निदान चिठ्ठी तरी मागितली. मला कुणी विचारलंच नाही.’

मी गप्प बसलो. शाळेने माझ्या बाबांना विचारलं, त्याच्या आईवडिलांचा होकार गृहीत धरला. आठवीतल्या आम्हा दोघांना काय हवं होतं, हे मात्र कुठल्याच चिठ्ठीत मावणारं नव्हतं.

मी त्याला विचारलं, ‘तुझ्या वर्गात एखादं पोर म्हणालं, मला हे पटत नाही, तर?’

‘म्हणतात ना,’ तो म्हणाला. ‘त्या दिवशी पुस्तक मिटतो आणि आधी त्याचं ऐकतो.’