वेशीबाहेर न गेलेला आजार

यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही विषाणूंविषयी बोललो होतो. बोलणे संपल्यावर मंडळी चहाकडे वळली. एक बाई मात्र मागे थांबल्या. त्यांच्या वर्गातील एका मुलाला एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे त्यांच्या कानावर आले होते. "सर, काही पालक म्हणतात, त्याचा पाण्याचा पेला वेगळा ठेवा. मी ठेवलेला नाही. माझे चुकत तर नाही ना?"

चुकत नव्हते. हा विषाणू पेल्यातून, डब्यातून, खोकल्यातून, शेजारी बसण्यातून पसरत नाही. रक्त, लैंगिक संबंध, दूषित सुई आणि लागण असलेल्या आईकडून बाळाला, एवढेच त्याचे मार्ग. हे आम्ही सांगितले. पण परतीच्या एसटीत मनात येत राहिले, की पेल्याचा हा प्रश्न एच.आय.व्ही.पेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि या भागाला तर तो चांगलाच परिचयाचा आहे.

यवतमाळच्या शेजारच्या तीन जिल्ह्यांकडे पाहा. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले. चंद्रपूर जिल्ह्यात, वणीपासून फार दूर नसलेल्या वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. तिचेच पुढे आनंदवन झाले. या कामाचे मोठेपण सांगायला आम्ही नकोत. पण या वसाहती वसवाव्या लागल्या, कारण गावांनी आपली माणसे वेशीबाहेर काढली होती. कायद्याचाही त्याला आधार होता. निराधार कुष्ठरुग्णांना पकडून वेगळे ठेवण्याची तरतूद १८९८ च्या कायद्यात होती. औषधे आली, रोग बरा होऊ लागला, तरी तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले!

एड्सची पहिली नोंद जून १९८१ मध्ये अमेरिकेत झाली. त्यामागचा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. भारतात १९८६ मध्ये चेन्नईच्या डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्तनमुन्यांत त्याचा पुरावा मिळाला. आणि लगेच कुष्ठरोगाचीच जुनी रीत पुढे आली.

डॉमिनिक डिसूझा हा गोव्याचा तरुण नेमाने रक्तदान करीत असे. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीतच त्याची लागण उघडकीस आली. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले. त्याला काय झाले आहे, हे कोणी त्याला धड सांगितलेसुद्धा नाही. वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याला ठेवण्यात आले. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याची आई, ल्यूसी डिसूझा, मुंबई उच्च न्यायालयात गेली. अंतरिम आदेशाने मुलगा घरी आला. अंतिम निकालात मात्र न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. म्हणजे कागदोपत्री आई हरली. पण देशभर चर्चा झाली, आणि लागण झालेल्या माणसाला नाव आहे, आई आहे, नोकरी आहे, हे लोकांना प्रथमच दिसले. डॉमिनिकने १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी तो वारला. उपयोगी पडेल असे औषध त्याच्या हयातीत नव्हते.

दुसरा खटला मुंबईचा. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराला केवळ लागण आहे म्हणून काम नाकारले गेले. तो काम करण्यास सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर असे काम नाकारता येणार नाही, असा निकाल उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. ओळख उघड होऊ नये म्हणून तो खटला 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' अशा अक्षरांनीच ओळखला जातो. नाव लपवून मिळालेला हा न्याय आम्हांला फार मोलाचा वाटतो. डॉमिनिकला ती सवलत मिळाली नव्हती.

आता औषधाकडे वळू. इथेही कुष्ठरोगाचा धडा आधी गिरवलेला होता. डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे दिल्यामुळे त्याला न जुमानणारे जंतू तयार झाले. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. एच.आय.व्ही.वरचे पहिले औषध, झिडोव्हुडिन, १९८७ मध्ये एकटेच आले आणि काही महिन्यांत निष्प्रभ होऊ लागले. कारण वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. हा विषाणू आपल्या सुमारे दहा हजार अक्षरांच्या संदेशाची नक्कल करताना चुका करतो आणि त्या तपासत नाही. एखादे विशिष्ट अक्षर चुकण्याची शक्यता साधारण तीस हजारांत एक. उपचार न घेतलेल्या शरीरात रोज हजार कोटींच्या घरात नवे विषाणू बनतात. एक औषध चुकवायला एक अक्षर बदलणे पुरते असे धरू. मग तसा विषाणू रोजच जन्मतो. दोन औषधे चुकवण्याची शक्यता तीस हजार गुणिले तीस हजार, म्हणजे नव्वद कोटींत एक. तोही एका दिवसात निपजू शकतो. तिसरे औषध जोडले की शक्यता सत्तावीस लाख कोटींत एक होते आणि पारडे आपल्या बाजूला झुकते. गणित ढोबळ आहे, पण १९९६ पासून तीन औषधांच्या उपचाराने मृत्यू झपाट्याने का घटले ते यातून कळते.

एक फरक मात्र राहतो. कुष्ठरोगाचे उपचार सहा किंवा बारा महिन्यांत संपतात. एच.आय.व्ही. काही सुप्त पेशींच्या डीएनएमध्ये आपला संदेश ओवून गप्प बसतो आणि तिथे औषध पोचत नाही. गोळी थांबली की तो पुन्हा उठतो. म्हणून ती आयुष्यभर, रोज.

हे आयुष्य विकत घेणे सुरुवातीला कोणालाच परवडणारे नव्हते; वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या कृतीवर हक्क मिळे. त्यामुळे मुंबईची सिप्ला कंपनी २००१ मध्ये वर्षाला ३५० डॉलरचा देकार देऊ शकली. १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत हे उपचार मोफत सुरू झाले. तेव्हा यवतमाळच्या माणसाला मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. पुढे केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आली. यवतमाळात ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे. तरीही उमरखेड किंवा झरी जामणीकडच्या शेतमजुराला गोळ्या आणायच्या तर रोजी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत ती बुडवणे सोपे नाही. चिवटपणा म्हणतात तो आम्हांला इथे दिसतो.

पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. या आजाराचे खापर पूर्वी सरसकट ट्रकचालकांवर फोडले जाई आणि भिंतींवर कवटीची चित्रे रंगवली जात. त्या चित्रांनी तपासणीला येणारा माणूस घाबरून घरीच बसला, असे आमचे मत आहे. खरी बातमी उलटी होती. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या अभ्यासात, ज्यात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती, लवकर उपचार घेतल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये दिसले. रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो पसरत नाही, हे आता पक्के झाले आहे. आईने नीट उपचार घेतले तर बाळाला लागण होण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत आणता येते; उपचारांविना ती चारांत एक वा अधिक असते. वेळेत निदान होऊन रोज गोळी घेणारा माणूस आज इतरांइतके जगू शकतो. तो शेत करतो, लग्न करतो, म्हातारा होतो, आणि हे सारे आपल्याच घरात. त्याच्यासाठी वसाहत वसवावी लागत नाही.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एच.आय.व्ही. कायद्यानुसार लागण आहे म्हणून कोणालाही शिक्षण वा नोकरी नाकारता येत नाही, आणि संमतीविना त्याची माहिती उघड करता येत नाही. मग ही गोष्ट बाईंच्या कानावर आली कशी? कोणीतरी कुठेतरी बोलले होते.

बाईंचा मध्यंतरी फोन आला. मुलगा सातवीत गेला आहे, सगळ्यांच्याच पेल्याने पाणी पितो. ठरलेल्या दिवशी आजीबरोबर यवतमाळला जातो. त्या दिवशी हजेरीपटावर बाई नुसती 'रजा' लिहितात. कारण विचारत नाहीत.