क्रूझ-इन
अमेरिकेतील छोट्या गावांत बहुधा उन्हाळ्यात भरणारा जुन्या मोटारगाड्यांचा अनौपचारिक मेळावा. मालक आपली गाडी स्वतः चालवत मुख्य रस्त्यावर किंवा मोकळ्या वाहनतळावर आणतात, बॉनेट उघडे ठेवतात आणि पाहणाऱ्यांना इंजिन समजावून सांगतात. परीक्षण व बक्षिसे सहसा नसतात. येथे जुन्या ट्रकनाही मान असतो : फोर्डचा एक टनी ‘मॉडेल टीटी’ (१९१७), कारखान्यातच हौद्यासह तयार झालेला ‘मॉडेल टी’ पिकअप (१९२५, किंमत २८१ डॉलर), शेव्हर्लेची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका (१९४७–५५). शेतमाल वाहून असे बरेच ट्रक झिजले, भंगारात गेले. म्हणून चालू स्थितीत जपलेला प्रत्येक ट्रक ग्रामीण श्रमजीवनाचा मोलाचा पुरावा ठरतो. अशा जतनकार्याला अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी (स्थापना १९७१) चालना देते.