जून रोप, कोवळं रोप

न्यूयॉर्कच्या गिलमन थॉम्पसन यांनी १८९० साली मांजराच्या मेंदूचा तुकडा काढून कुत्र्याच्या मेंदूत बसवला. सात आठवड्यांनी पाहिलं, तर तुकडा जागेवर चिकटलेला. आपल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी प्रयोग यशस्वी ठरवून टाकला! तुकडा चिकटला होता खरा, पण आतल्या चेतापेशी काही तगल्या नव्हत्या.

घोळ वयाचा होता. भाताची लावणी करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: जून रोप उपटून लावलं तर धरत नाही. प्रौढ चेतापेशीचे लांब तंतू तुकडा कापतानाच तुटतात, आणि रक्त थांबलं की ती तग धरत नाही. भ्रूणातल्या कोवळ्या पेशीला लांब तंतू अजून फुटायचेच असतात. थोडी उपासमारही ती सोसते.

शिकागोच्या एलिझाबेथ डन यांनी १९१७ साली पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांवरचे आपले प्रयोग छापले. ४६ पैकी अवघ्या ४ पिल्लांत कलम जगलं होतं, तेही रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्याशेजारी. सगळं मर्म या चारांत होतं. पण मेंदू दुरुस्त होत नसतो, हे तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. १९७१ साली गोपाळ दास आणि जोसेफ ऑल्टमन यांनी पेशींना किरणोत्सारी खूण करून त्या उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत सोडल्या आणि नंतर शोधून दाखवल्या, तेव्हा कुठे संशय फिटू लागला.

मग १९७९ साल उजाडलं. उंदराच्या मेंदूत एकाच बाजूच्या डोपामिनच्या पेशी मारल्या आणि अँफेटामिन टोचलं, की तो घाण्याच्या बैलासारखा त्याच बाजूला गरगर फिरत राहतो. स्वीडनमधल्या लुंडच्या ब्यर्कलुंड आणि स्टेनेवी यांनी अशा प्रौढ उंदरांत भ्रूणाच्या मध्यमेंदूतल्या पेशी लावल्या, आणि फेऱ्या कमी झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका गटालाही असंच आढळलं. फेऱ्या मोजता येतात. हे कलम नुसतं जगत नाही, काम करतं, याचा इतका रोखठोक पुरावा आधी नव्हता.

सगळ्यात गमतीचा प्रयोग मात्र १९९० सालचा, हॅमस्टरवरचा. मार्टिन राल्फ आणि सहकाऱ्यांनी प्रौढ हॅमस्टरच्या मेंदूतलं घड्याळ, म्हणजे पेशींचा एक चिमुकला पुंजका, नष्ट केलं. त्याचं धावण्याचं वेळापत्रक पार विस्कटलं. मग ज्यांचा दिवस जन्मतःच सुमारे २० तासांचा असतो, अशा जातीच्या भ्रूणातला तोच पुंजका त्यात बसवला. हॅमस्टर पुन्हा वेळेवर चाकात धावू लागला, पण दर २० तासांनी.