आठ थेंब आणि वीटकरी रंग

परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळं द्रावण, त्यात रुग्णाच्या लघवीचे आठ थेंब आणि खाली स्पिरिटचा दिवा. नळीचं तोंड ना स्वतःकडे ना रुग्णाकडे, भिंतीकडे धरायचं. दोनेक मिनिटं उकळायचं, गार होऊ द्यायचं आणि रंग वाचायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे एक अधिक, पिवळा म्हणजे दोन, नारिंगी म्हणजे तीन आणि वीटकरी निघाला तर चार अधिक. सत्तर-ऐंशीच्या दशकात नर्सिंग शिकलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ही शिडी त्यांना आजही तोंडपाठ असते.

हा निळेपणा मोरचुदाचा. फवारणीच्या औषधात कालवतात तोच. लघवीत साखर असेल तर मोरचुदातल्या तांब्याचं रूप पालटतं आणि नळीच्या तळाशी विटेच्या रंगाचा गाळ बसतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९०८ च्या सुमारास ही परीक्षा बसवली. ती खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत इतकी रुजली, की बेनेडिक्ट नावाचा कुणी माणूस होता हे विसरून त्यांचं आडनावच बाटलीला चिकटलं.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनसारख्या तालुक्यात शुगर आणि थायरॉइडच्या रुग्णांची देखभाल कशी होत आली, हे शोधायला लागलं की डॉक्टरांपेक्षा नर्सच जास्त भेटतात. अंतःस्रावी ग्रंथींचे आजार एका भेटीत बरे होत नाहीत. ते जन्मभर सांभाळायचे असतात, आणि सांभाळणं हे काम डॉक्टरांच्या वाट्याला फार थोडा वेळ आलं.

केळना नदीकाठचं भोकरदन म्हणजे सातवाहन काळातलं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत या गावचे दाते सापडतात. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. त्यात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती निघाली. इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं इतकं साम्य, की पॉम्पेईची मूर्ती याच भागात घडली असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. त्या भरभराटीच्या गावात वैद्य कोण होते, कुणाला ठाऊक नाही. पण साधारण त्याच शतकांत चरकसंहिता आकार घेत होती आणि तिच्यात आपल्या विषयाच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. उपचाराचे चार पाय मोजताना वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीनं तिनं परिचारकाला जागा दिली. त्याला उपचारांचं ज्ञान हवं, तो दक्ष हवा, रुग्णाविषयी माया असलेला आणि स्वच्छ हवा, असं बजावलं. प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहाच्या कुळातल्या आजाराच्या, पूर्वखुणांत रुग्णाच्या अंगाला आणि लघवीला मुंग्या लागतात, हे नोंदवलं. आणि प्रमेहाचे रुग्ण दोन तऱ्हेचे सांगितले: एक जाडजूड आणि ताकदवान, दुसरा कृश आणि दुबळा. हा दुसरा रुग्ण पुढं पुण्यात पुन्हा भेटणार आहे.

ग्रंथात परिचारकाला मान मिळाला तरी समाजात तो टिकला नाही. दुसऱ्याची लघवी हातात धरणं, फोड धुणं, भांडं उचलणं ही कामं जातीच्या उतरंडीत तळाला ढकलली गेली. म्हणून आधुनिक नर्सिंग महाराष्ट्रात आलं तेव्हा घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांनी बराच काळ नाकं मुरडली आणि सुरुवातीच्या परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचा भरणा राहिला. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली होती. पुढं जालन्यातच मिशनचं रुग्णालय उभं राहिलं आणि आसपासच्या तालुक्यांना कितीतरी वर्षं त्याचा आधार होता. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदननं १९०९ नंतर हिंदू स्त्रियांना, त्यातही विधवांना, ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं. त्या काळात लेकीसुनेला या कामाला धाडणाऱ्या घराला शेजारपाजारचे काय म्हणाले असतील, याची कल्पना सहज करता येते.

तोवर मधुमेहावर औषध असं काही नव्हतंच. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इन्शुलिन टोचलं गेलं. त्याच वर्षी ७ ऑगस्टला बॉस्टनमध्ये डॉ. एलियट जोस्लिन यांनी ज्या बाईला ते प्रथम दिलं ती एलिझाबेथ मज स्वतःच नर्स होती, उपासमारीच्या पथ्यावर कशीबशी तग धरून राहिलेली. जोस्लिन यांना एक गोष्ट फार लवकर उमगली होती: या आजारात रुग्णाला शिकवावं लागतं, आणि ते काम नर्सच करू शकते. त्यांनी रुग्णांच्या घरी जाऊन राहणाऱ्या, फिरत्या नर्स तयार केल्या. आज मधुमेह-शिक्षक म्हणून जे पद मिरवलं जातं त्याचं मूळ तिथं आहे.

भोकरदन तेव्हा निजामाच्या राज्यात औरंगाबाद जिल्ह्यात होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि १९५६ साली औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. शुगर वाढून बेशुद्ध झालेल्या माणसाला सिल्लोडमार्गे घाटीत न्यायचं, हा भोकरदनकरांचा रिवाज तेव्हा पडला. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, तरी कितीतरी घरांनी तो सोडलेला नाही.

वॉर्डात बेनेडिक्टच्या रंगावर इन्शुलिनची मात्रा ठरायची. जेवणाआधी लघवी तपासायची, रंग तक्त्यावर लिहायचा आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली त्या रंगाची मात्रा टोचायची. काचेची सिरिंज आणि सुया उकळून घेतलेल्या, सुई बोथट झाली तर दगडावर घासलेली. इन्शुलिन डुकराच्या नाहीतर गाई-बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेलं. कुठल्या रुग्णाला ते सांगायचं आणि कुठल्याला नाही, हा पेच वेगळाच.

पण या रंगशिडीत एक मोठी खोट होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढं गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. साखर १४० असो की ५०, नळी निळीच. वर ती निळाई काही तासांपूर्वीची, मूत्राशयात साठलेल्या लघवीची. म्हणजे साखर घसरून जीव जायची वेळ आली असताना परीक्षा सांगायची, सगळं ठीक आहे. ही खोट भरून काढली ती रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातांनी. कपाळाला हात लावायचा: गार घाम आहे का? बोटं थरथरतात का? एरवी शांत असणारा म्हातारा उगाच भांडायला का उठला? शंका आली की आधी तोंडात साखर, मग बाकीचं. घशाखाली उतरत नसेल, शुद्ध गेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून ग्लुकोज. रुग्णाचं मूल्यमापन असा जड शब्द अभ्यासक्रमात आहे. वॉर्डात त्याचा अर्थ इतकाच होता, की तक्ता निळा असला तरी माणसाकडं बघायचं.

१९५६ मध्ये लघवीत बुडवायची कागदी पट्टी आली, साठच्या दशकाच्या मध्यावर रक्ताच्या थेंबाची पट्टी आणि १९७० च्या सुमारास रंग मोजणारं यंत्र. ग्लुकोमीटर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रोजच्या वापराला यायला मात्र त्यानंतर तीन-चार दशकं गेली. मधल्या काळात बेनेडिक्टची निळी बाटलीच राबली.

मग दवाखान्यातली तपासणी उठून दारात गेली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून आशाताई आल्या. २०१० साली असंसर्गजन्य आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढं गावोगाव तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरायची प्रथा पडली. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर, आणि कमरेचा घेर. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं. खरी कसोटी घेराची. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची असते. लुगड्याच्या निऱ्यांवरून धरली तर आकडा फसवतो. बाईला ८० सेंटिमीटर आणि पुरुषाला ९० च्या पुढं गुण चढायला लागतात. ज्या गावात नवऱ्यासमोर बाई पदर सावरून बसते, तिथं हे मोजमाप एका बाईनंच करावं लागतं, हे कार्यक्रम आखणाऱ्याला उमगलं, ही जमेची बाजू.

अंगानं सडसडीत माणसाच्या पोटाला टेप कशाला? त्याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयात आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा माग ठेवला. बाळं वजनानं कमी, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त. वरून कृश, आतून स्निग्ध. चरकाचा दुबळा प्रमेही इथं पाळण्यातच ओळखू आला. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनं देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यातले कितीतरी जण बघणाऱ्याला 'काडीपैलवान' वाटतील.

तालुक्यात राजूरचा गणपती आहे, आणि चतुर्थीला अर्धा तालुका उपाशी असतो. गोळ्या घेणाऱ्या रुग्णासाठी हा दिवस अवघड. सकाळी गोळी पोटात, दिवसभर निरंकार आणि रात्री साबुदाण्याची खिचडी: आधी साखर पडते, मग उसळते. अनुभवी सिस्टर आकडा बघायच्या आधी विचारते, "मावशी, आज उपास ना? मग सकाळची गोळी घेतली का?" उपास सोडा म्हणून कुणी सोडत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा बदलून द्यायची, आणि घाम सुटला तर उपास लगेच मोडायचा, हे घरच्यांनाही बजावून ठेवायचं.

थायरॉइडची कथा मिठातून सुरू होते. गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ चा, कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केल्यानंतरचा. बिनआयोडीनच्या खाण्याच्या मिठावर सध्याची बंदी २००६ पासून. मिठावर तपासद्रवाचे थेंब टाकले की आयोडीन असल्यास ते जांभळं-निळं होतं. स्वयंपाकघरात डबा उघडून हे दाखवलं की बायका लक्षात ठेवतात, पत्रक वाचून नाही. थायरॉइड जास्त चालणाऱ्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीनसाठी मुंबईला परळला जावं लागायचं. तिथलं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. कमी चालणाऱ्यांचा प्रश्न सोपा वाटतो आणि तिथंच घोटाळा होतो. गोळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची. मराठवाड्यातल्या घरात उठल्याबरोबर चहा होतो. रिपोर्ट बिघडला की गोळी वाढवायच्या आधी चहाची वेळ विचारावी.

आणखी एक प्रश्न कुठल्याच छापील फॉर्मवर ठळक नसतो. चेहरा चंद्रासारखा गोल, हातपाय काटकुळे, कातडी पातळ आणि साखर अचानक चढलेली. अशा वेळी विचारायचं, "गुडघ्यासाठी कुणाकडून पुडी आणता का?" दुखणं चुटकीसरशी घालवणाऱ्या अनेक पुड्यांत स्टेरॉइड निघालेलं आहे. ती एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण शरीरातली मूळ ग्रंथी झोपी गेलेली असते.

सगळ्यात नाजूक काम मुलांचं. टाइप-१ मधुमेह झालेल्या मुलाला दिवसातून अनेकदा इन्शुलिन लागतं. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आधीच्या औरंगाबादेत, डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था आणि नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा 'ड्रीम ट्रस्ट' अशा मुलांसाठी काम करतात. ज्या घरात फ्रीज नाही तिथं कुपी मडक्यात ठेवायला शिकवावं लागतं: ओलसर माठ, सावलीत, कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत. दुसरा धडा सिरिंजचा. आपल्याकडची कुपी मिलिलिटरला ४० युनिटची आणि तिची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं इन्शुलिन १०० युनिटचं. पेन बिघडला म्हणून त्याच्यातलं औषध लाल टोपीच्या सिरिंजनं ओढलं, तर दहा युनिटच्या खुणेवर पंचवीस युनिट शरीरात जातात. म्हणून नर्स मुलाच्या आईला नुसतं सांगून थांबत नाही. सिरिंज तिच्याच हातात देते, ओढायला लावते आणि खूण वाचून दाखव म्हणते.