लाइन कुणाची?

कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात डेक-१० यंत्र आलं आणि त्याच्यासोबत स्यूडो-टर्मिनलही मुंबईत आलं. शहराच्या संगणक-इतिहासात लोक टीफ्रॅक या संगणकाबद्दल सांगतात. १९६० साली तो सुरू झाला आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नामकरण केलं, हेही सांगतात. १९६४चा सीडीसी ३६०० कुणाकुणाला आठवतो. डेक-१० ज्या केंद्रात होता त्यातूनच १९८५ साली एनसीएसटी ही स्वतंत्र संस्था उभी राहिली, हे त्या पिढीतले लोक अभिमानानं सांगतात. पण डेक-१०च्या टॉप्स-१० या प्रणालीत ‘पीटीवाय’, म्हणजेच स्यूडो-टर्मिनल, नावाची एक सोय होती, तिच्याबद्दल मी कधी कुणाला बोलताना ऐकलं नाही. पुढे माझं सगळं नोकरीचं आयुष्य त्याच सोयीच्या भोवती गेलं. म्हणून हे लिहिते आहे.

ती सोय अशी. डेक-१०वर एकाच वेळी अनेक माणसं आपापल्या टर्मिनलवरून काम करत. काही कामं मात्र रात्री माणसाशिवाय चालवायची असत, त्यांना बॅच म्हणत. या कामांसाठी वेगळी यंत्रणा बांधण्याऐवजी यंत्र बनवणाऱ्या डेक कंपनीच्या लोकांनी प्रणालीच्या आतच एक मानीव टेलिटाइप (तारेवर चालणारं टंकयंत्र) तयार केला. बॅच चालवणारा प्रोग्रॅम त्याच्या एका टोकाला बसून आज्ञा ‘टाइप’ करी, आणि दुसऱ्या टोकाला असलेल्या कामाला वाटे की समोर माणूसच बसला आहे. तिथे ना तार होती, ना कीबोर्ड, ना कागद. तरीही टर्मिनलचे सगळे रीतिरिवाज पाळले जात. युनिक्सच्या बर्कली शाखेत ही सोय आली ती १९८३च्या ४.२ बीएसडीमध्ये. म्हणजे कुलाब्याला जे यंत्र चालत होतं, त्याच्या पोटात ती आधीपासूनच होती.

टेलिटाइपशी आमच्या घराचा जुना संबंध. बाबा हुतात्मा चौकातल्या मध्यवर्ती तार कार्यालयात टेलिग्राफिस्ट होते. ठाकुरद्वारच्या आमच्या चाळीत ते रात्रपाळी करून सकाळी येत आणि खिशातून कधीकधी भोकं पाडलेल्या कागदी पट्टीचा तुकडा काढून मला देत. पाच भोकांच्या आडव्या ओळी असत, एक ओळ म्हणजे एक अक्षर. तुकडा नेहमी कोरा किंवा चाचणीचा असे, संदेशाचा कधीच नाही. कुणाच्या घरी काय तार गेली हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही. चाळीतल्या बायका विचारत, “काय हो, काल अमक्यांकडे तार आली ती कसली?” बाबा म्हणत, “वहिनी, तार त्यांची आहे.” विषय तिथेच संपे. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याचं सव्विसावं कलम त्यांना तोंडपाठ होतं. तार खात्याच्या माणसानं संदेश दडपला, बदलला किंवा बेकायदा फोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद. लाइन आपल्या हातात असली तरी ती आपली नसते, हे मी संगणकाच्या पुस्तकांच्या कितीतरी आधी घरातच शिकले.

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स बांधू लागले, तेव्हा त्यांच्यासमोरही टेलिटाइपच होता. त्यामुळे युनिक्समध्ये प्रत्येक टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणतात, आजही. खोडण्याची कळ, ओळ पुरी झाली की ती पुढे देणं, कंट्रोल-सी दाबताच चालू काम थांबवणं, पासवर्ड लिहिताना अक्षरं पडद्यावर न उमटवणं, ही कामं तिथे प्रत्येक प्रोग्रॅम वेगवेगळी करत नाही. कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, टर्मिनल सांभाळणारा भाग ती सगळ्यांसाठी करतो. म्हणून युनिक्सचे कितीतरी प्रोग्रॅम आधी पाहतात की समोर टर्मिनल आहे का. असेल तर ओळ तयार होताच दाखवतात. नसेल, म्हणजे फाइल किंवा पाइप असेल, तर मजकूर साठवत राहतात आणि गठ्ठ्यानं सोडतात. पासवर्ड बदलणारा जुना प्रोग्रॅम तर पाइपमधून आलेलं ऐकतच नसे, त्याला थेट टर्मिनलच लागे.

मग जो माणूस दुरून, नेटवर्कवरून येतो, त्याला टर्मिनल द्यायचं कुठून? त्याच्यासाठी कर्नल एक जोडी तयार करतो. एका टोकाला, म्हणजे मास्टरला, टेलनेट किंवा आरलॉगिनचा सर्व्हर बसतो. दुसऱ्या टोकाला, म्हणजे स्लेव्हला, त्या माणसाचं शेल, म्हणजे त्याच्या आज्ञा ऐकणारा प्रोग्रॅम, बसतं. शेलला ते टोक अस्सल टीटीवायसारखंच दिसतं.

१५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल, म्हणजे विदेश संचार निगमनं मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. मुंबईत फोर्टातल्या विदेश संचार भवनात त्याचं ठाणं होतं, बाबांच्या तार कार्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी तेव्हा माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये शिकत होते. चित्रं दाखवणाऱ्या टीसीपी-आयपी खात्याला वर्षाला १५ हजार रुपये पडत, ते आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही नव्हतं. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं शेल खातं निघालं, ते घेतलं. मोडेम लॅमिंग्टन रोडवरून जुना आणला. रात्री फोन लावायचा, मोडेमची किंचाळी थांबायची आणि काळ्या पडद्यावर लॉगिन उमटायचं. पाइनमध्ये पत्रं, लिंक्समध्ये चित्राविना पानं. आई आतून म्हणायची, “अगं, फोन सोड, दादरहून मामाचा फोन यायचाय.”

गिरगाव, परळ, लालबाग, दादर इथल्या एकेका खोलीत तेव्हा असे कितीजण बसलेले असत. त्यांतल्या पुष्कळांचं युनिक्स तिथेच, त्या काळ्या पडद्यावर सुरू झालं. शेल खात्यावर स्लर्प नावाचा प्रोग्रॅम चढवायचा, तो टर्मिनलच्या लाइनीतूनच इंटरनेटची पाकिटं ने-आण करी, आणि मग ५०० रुपयांच्या खात्यावर नेटस्केपमध्ये चित्रं दिसत. ही युक्ती कॉलेजांमधून हातोहात फिरली. ती चालायला लाइन स्वच्छ लागे. मध्ये कुणी एखादं अक्षर गिळलं किंवा त्याचा भलताच अर्थ लावला की पाकीट फुटे. टर्मिनलची वाट कुठून कुठे जाते आणि वाटेत तिला कोण हात लावतं, याची मला गोडी लागली ती तेव्हाच.

नंतर फोर्टातल्या एका कार्यालयात युनिक्सची व्यवस्था पाहायला लागले. तिथे चार जातींची यंत्रं होती आणि चौघांची पीटीवायची रीत वेगळी. सन ओएसवर बर्कलीची जुनी पद्धत होती. पीटीवाय-पी-शून्य, पी-एक अशी सोळा नावं, मग क्यू, मग आर, आणि प्रोग्रॅमनं एकेक दार ढकलून पाहायचं, उघडेल ते आपलं. एचपी-यूएक्सनं त्याच जोड्या वेगळ्या खणांत ठेवल्या होत्या. एआयएक्सवर ‘पीटीसी’ नावाचं एकच दार, ते उघडलं की जोडी मिळे. सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीच्या घराण्यात ‘पीटीएमएक्स’ आणि त्यानंतर परवानगी, कुलूप, नाव अशा तीन पायऱ्या. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेला की पहिला बिघाड इथेच होई.

आणि आम्हाला हे लागे रोज. शाखांचा हिशेब घेणारा जो प्रोग्रॅम होता तो मेनूवर चालणारा, टर्मिनल दिसल्याशिवाय एक पाऊल न टाकणारा. रात्री तो माणसाविना चालवायचा तर डेक-१०वाल्यांनी केलं तेच करायचं, मानीव टर्मिनलवरून कळा दाबायच्या. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेत तयार झालेलं ‘एक्सपेक्ट’ तेव्हा हे काम करी. ‘अमुक ओळ दिसली की तमुक टाइप कर’ असं त्याला लिहून द्यायचं. मी ते मनापासून वापरलं.

पण बर्कलीच्या पद्धतीत एक खोल दोष होता. वापरात नसलेली टर्मिनलं सर्वांना वाचायला-लिहायला मोकळी असत. ज्याला जोडी मिळाली त्यानं स्लेव्हची मालकी स्वतःच्या नावावर करून घ्यायला हवी, आणि मालकी बदलण्याचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला. साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला जोडी मिळे, पण दार मात्र उघडंच राही. कुणीही त्यात डोकवावं, काहीही लिहावं.

आमच्याच एका यंत्रावर हे घडलं. सकाळी लॉगिन करताना एका सहकाऱ्याची टाइप केलेली अक्षरं गायब व्हायला लागली. पासवर्ड बरोबर असून चुकीचा ठरे. आधी सगळ्यांनी कीबोर्डला दोष दिला. शोधल्यावर सापडलं ते असं. आदल्या दिवशीच्या कुणाचातरी अहवालाचा प्रोग्रॅम लाइन तुटल्याचा इशारा न जुमानता तेच टर्मिनल उघडं धरून पुन्हा पुन्हा वाचत बसला होता. नव्या माणसाला नेमकी तीच जोडी मिळाली. त्यामुळे काही अक्षरं लॉगिनला जात होती, काही त्या भुताला. इथे कुणाचा हेतू वाईट नव्हता. हेतू वाईट असता तर त्याला पासवर्ड मिळाला असता, आणि कुणाला शंकाही आली नसती. मी त्या दिवशी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग लाइन आधी कोरी करून का नाही दिली?”

त्या काळचा रूढ उपाय असा की टर्मिनल मागणारा प्रत्येक प्रोग्रॅम रूटच्या अधिकारानं चालवायचा: एक्सटर्म, स्क्रीन, आणखी कितीतरी. मालकी बदलण्याच्या एका क्षणासाठी हजारो ओळींच्या प्रोग्रॅमला सगळ्या यंत्राच्या चाव्या द्यायच्या. मग त्यात अक्षरं रंगवण्याच्या भागात एखादी चूक राहिली तरी यंत्र हातचं जाणार. मला हा उपाय तेव्हाही पटला नव्हता.

१९९६मध्ये अमेरिकेतले गणिती डॅनियल बर्नस्टाइन यांनी ‘पीटीवायगेट’ काढलं. क्यूमेल हा ईमेलचा प्रोग्रॅम लिहिणारे तेच हे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. टर्मिनल मिळवणं, ते दुसऱ्या कुणाच्या हातात नाही याची खात्री करणं आणि मालकी बदलणं, एवढंच काम एका छोट्या प्रोग्रॅमकडे द्यायचं. रूटचा अधिकार फक्त त्याला. बाकीच्या सगळ्यांनी साध्या हक्कानं चालायचं आणि टर्मिनल त्याच्याकडे मागायचं. यंत्रायंत्रांतले फरकही त्यानंच पोटात घ्यायचे. त्याच्यासोबत छोटी अवजारं होती. साठवून साठवून लिहिणाऱ्या प्रोग्रॅमसमोर मानीव टर्मिनल उभं करून त्याच्याकडून ओळीगणिक मजकूर काढून घेणारं एक होतं, ते माझं आवडतं. पुढे सगळ्यांनी पीटीवायगेट जसंच्या तसं घेतलं असं झालं नाही. पण त्यातला विचार मला त्या दशकातल्या अनेक गाजलेल्या गोष्टींपेक्षा मोलाचा वाटतो. तार कार्यालयात शेकडो माणसं काम करत, संदेशाला हात लावण्याचा हक्क मात्र मोजक्यांचा, आणि कायदा त्यांच्यावरच रोखलेला. जबाबदारी जिथे असते ती जागा लहान असली की तिच्यावर नजर ठेवता येते.

त्यानंतर प्रणाली स्वतःच सुधारल्या. लिनक्सनं १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘डेव्हपीटीएस’ आणलं. टर्मिनल मागताच कर्नल ते मागणाऱ्याच्या नावानं तयार करतो, आणि काम संपलं की काढून टाकतो. उघडी दारं राहतच नाहीत, त्यामुळे एक्सटर्मला रूट लागत नाही. २००१च्या पॉझिक्स मानकानं जोडी उघडण्यासाठी सगळीकडे चालेल असं एक आवाहन (कॉल) ठरवलं. लॉगिनसाठी टेलनेटची जागा एसएसएचनं घेतली, तरी दूरच्या यंत्रावर उतरल्यावर एसएसएचलाही पीटीवाय मागावाच लागतो. लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांत आज हजारो मुलं-मुली दिवसभर त्या जोड्यांवर काम करतात. कंटेनर उघडताना ‘टी’ हा एकाक्षरी पर्याय देतात, तोही पीटीवायच मागतो. त्या मुला-मुलींतल्या काहींना मी शिकवते तेव्हा डेक-१०पासून सुरुवात करते.

तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. बाबांना तोवर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. टर्मिनलच्या लाइनीचा एक जुना दोष मात्र त्यानंतरही शिल्लक होता. टीआयओसीएसटीआय नावाच्या एका आवाहनानं एखादा प्रोग्रॅम आपल्या टर्मिनलमध्ये अशी अक्षरं ढकलू शके, जणू ती समोरच्या माणसानंच टाइप केली आहेत. रूटनं कमी हक्काचा प्रोग्रॅम आपल्याच टर्मिनलवर चालवला, की तो प्रोग्रॅम निघून जाताना रूटच्या तोंडी आज्ञा घालू शके. ओपनबीएसडीनं हे आवाहन २०१७ साली काढून टाकलं. लिनक्समध्ये ते बंद करण्याची सोय २०२३च्या ६.२ आवृत्तीत आली. आमच्याकडे ती आवृत्ती चढली त्याच आठवड्यात मी सगळ्या यंत्रांवर ते बंद केलं.